तीन ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राहकांची एकच नोंद: सीआरएम कसं निवडावं?

मृदगंध
मंडळी, सल्ला हवा आहे.

आम्ही नऊ जण मिळून प्रयोगशाळांमधल्या उपकरणांची देखभाल-दुरुस्ती करतो. ग्राहक कोण, त्याच्याकडे कुठलं उपकरण, शेवटची भेट कधी, वॉरंटी कधी संपते, फोनवर काय बोलणं झालं, हे सगळं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एका फायलीत आहे. आमच्याच एका जुन्या सहकाऱ्याने ती बनवली आणि इतकी वर्षं तिने इमानेइतबारे काम केलं. अडचण एवढीच की अ‍ॅक्सेस फक्त विंडोजवर चालतं. विक्रीतले चौघे विंडोजवर आहेत. माहितीपत्रकं आणि वेबसाइट सांभाळणारे दोघे मॅकवर. दुरुस्तीवाले आम्ही तिघे उबुंटू लिनक्सवर, कारण उपकरणांना जोडायची आमची सगळी साधनं तिथेच आहेत. म्हणजे जो माणूस ग्राहकाच्या दारात उभा राहतो, त्यालाच ग्राहकाची नोंद दिसत नाही. तो विक्रीत फोन लावून विचारतो. गेल्या महिन्यात एकाच ग्राहकाला एकाच दिवशी आम्ही भेटीच्या दोन वेगळ्या तारखा दिल्या. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

आता सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलंय. ब्राउझरमध्ये चालणारं घ्यावं की तिन्हीकडे इन्स्टॉल होणारं? सर्व्हर आपला असावा की त्यांचा? आणि प्रत्येक जाहिरातीत ‘सर्व प्लॅटफॉर्मवर चालते’ असं लिहिलेलं असतं, ते खरं की खोटं हे विकत घ्यायच्या आधी कसं ओळखायचं?

खटपट्या
ब्राउझरवालं घ्या. विषय संपला.

निळाई
खटपट्यांशी सहमत. हा प्रश्न खरं तर बऱ्याच आधी सुटलाय. अ‍ॅक्ट नावाचा प्रोग्रॅम १९८७ मध्ये आला तेव्हा संपर्कांची वही ज्याच्या-त्याच्या संगणकातच राहायची. सेल्सफोर्स १९९९ मध्ये सुरू झालं ते ‘काही इन्स्टॉल करू नका, ब्राउझर उघडा’ एवढ्याच मुद्द्यावर. त्यानंतर आलेल्या झोहो, हबस्पॉट वगैरे सगळ्यांनी तोच रस्ता धरला. मॅकवर काय आणि उबुंटूवर काय, ब्राउझर तर सगळीकडे आहेच.

चकमक
असहमत. ‘ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे सगळीकडे चालतं’ या वाक्याने मी चांगलाच पोळलोय.

माझ्या आधीच्या नोकरीत ग्राहकांची जी सिस्टीम होती ती ब्राउझरमध्येच चालायची. पण कुठल्या? फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, कारण तिची निम्मी बटणं मायक्रोसॉफ्टच्याच अ‍ॅक्टिव्हएक्सवर होती. मॅकवाले त्या एका कामासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये अख्खं विंडोज चालवायचे. ग्राहकाचा फोन आला की आधी विंडोज सुरू होण्याची वाट बघायची, तोवर ग्राहकाशी हवापाण्याच्या गप्पा. ब्राउझरला जोडायच्या अशाच साधनांपैकी फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ ला, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला १५ जून २०२२ रोजी निरोप मिळाला. ज्यांचं काम यांवर उभं होतं त्यांची प्रत्येक वेळी धावपळ झाली.

आज तेच दुखणं वेगळ्या नावाने येतं: ‘क्रोममध्ये उत्तम चालते.’ मग सफारीत (मॅक-आयफोनचा ब्राउझर) फाईल ओढून टाकता येत नाही, फायरफॉक्समध्ये फोनचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. मृदगंध, विक्रेत्याला ‘लिनक्सवर चालतं का’ असं विचारू नका. तो हो म्हणणारच. ‘कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या आवृत्तीवर तुम्ही स्वतः चाचणी घेता, ते लेखी द्या’ असं म्हणा. ती यादी ज्यांच्याकडे तयार असते ते लगेच पाठवतात.

खटपट्या
चकमक, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

पेंग्विनप्रेमी
स्वतःच्या सर्व्हरचा पर्याय सोडू नका. स्वीटसीआरएम, एस्पोसीआरएम, ओडूची कम्युनिटी आवृत्ती ही तिन्ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही घेता येतो. पहिली दोन पीएचपीवर चालतात, ओडू पायथॉन आणि पोस्टग्रेएसक्यूएलवर. एका लिनक्स सर्व्हरवर बसवायचं आणि नऊही जणांनी आपापल्या ब्राउझरमधून वापरायचं. तुमच्यात तिघे उबुंटूवाले आहेत, त्यांना हे जड जाणार नाही.

आणखी एक कारण आहे. शुगरसीआरएमची मोफत कम्युनिटी आवृत्ती होती. २०१३ मध्ये त्यातूनच स्वीटसीआरएम वेगळं निघालं आणि २०१४ मध्ये शुगरने कम्युनिटीच्या नव्या आवृत्त्या थांबवल्याचं जाहीर केलं. बंद स्रोताचं उत्पादन असतं तर वापरणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या असत्या, विकत घ्या नाहीतर निघा. इथे कोड हातात होता, म्हणून काम पुढे चालू राहिलं.

टकटक
तुमचं नाव वाचल्यावरच प्रतिसादात काय असणार ते कळलं होतं :)

एक भाबडा प्रश्न. तीच अ‍ॅक्सेसची फाईल वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) उबुंटूवर चालवली तर?

पेंग्विनप्रेमी
टकटक, :) बरोबर ओळखलंत.

वाइनवर पुष्कळ विंडोज प्रोग्रॅम छान चालतात. पण ज्यावर कंपनीचं पोट आहे त्या फायलीच्या बाबतीत मी तो धोका पत्करणार नाही. एकाच फायलीत एकीकडून विंडोज लिहितंय आणि दुसरीकडून वाइन, यात फाईल बिघडायला एक तुटलेलं कनेक्शन पुरतं. एमडीबी-टूल्स नावाचं साधन लिनक्सवर अ‍ॅक्सेसचे तक्ते वाचून देतं, पण ते वाचण्यापुरतं. नोंद करायला नाही.

सांजवेळ
पेंग्विनप्रेमींचं तंत्राबद्दलचं सगळं खरं आहे. मी माणसांबद्दल सांगते.

आम्हीही मुक्तस्रोत सीआरएम स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं होतं. बसवणारा सहकारी फार हुशार. दोन वर्षं एकदाही तक्रार आली नाही, आणि म्हणूनच त्याच्याशिवाय कुणी त्यात लक्ष घातलं नाही. तो दुसरीकडे गेला. पाच महिन्यांनी डिस्क गेली. बॅकअप रोज रात्री होत होता, नोंदवहीत तसं दिसतही होतं. परत चढवायला घेतला तेव्हा कळलं की डेटाबेसचा बॅकअप आहे पण जोडलेल्या फायली ज्या फोल्डरमध्ये असतात तो फोल्डर त्यात कधी घेतलाच नव्हता. ग्राहकांची नावं मिळाली, करारांच्या प्रती गेल्या. त्या प्रती ग्राहकांकडेच परत मागताना जे वाटलं ते अजून आठवतं.

तेव्हा मृदगंध, स्वतःचा सर्व्हर जरूर ठेवा, पण दोन अटींवर. बसवणारा आणि सांभाळणारा अशी दोन वेगळी माणसं हवीत. आणि सुरू करायच्या आधी एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, फायलींसकट सगळं उघडतंय हे डोळ्यांनी पाहा. चढवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबणार नाही.

पेंग्विनप्रेमी
सांजवेळ, दोन्ही अटी शंभर टक्के मान्य. मी नुसतं ‘जड जाणार नाही’ म्हणालो, त्यात हे यायला हवं होतं.

वाटाड्या
अजून ईमेलकडे कुणी वळलं नाही. सीआरएममधली निम्मी माहिती ईमेलमधून येते, आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा खरा घोळ तिथेच असतो.

‘आउटलुकशी जोडणी आहे’ असं लिहिलेलं दिसलं की विचारा, कसली जोडणी? जुन्या पद्धतीचं कॉम अ‍ॅड-इन असेल तर ते फक्त विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये चालतं. मॅकवरच्या आउटलुकमध्ये नाही, ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये नाही, आणि विंडोजवर आता जे नवं आउटलुक आलंय त्यातही नाही. वेब अ‍ॅड-इन असेल तर या सगळ्यांत चालू शकतं. नाव दोघांचं एकच, ‘आउटलुक प्लगिन’.

तुमचे उबुंटूवाले बहुधा थंडरबर्ड वापरत असतील. त्यांच्यासाठी प्लगिनचा नाद सोडा. ज्या सीआरएममध्ये ईमेलचं खातं थेट सर्व्हरच्या पातळीवर जोडता येतं किंवा एक ठरावीक पत्ता बीसीसीत टाकला की पत्र त्या ग्राहकाच्या नोंदीत जाऊन बसतं, ते घ्या. बीसीसीला ऑपरेटिंग सिस्टीम लागत नाही. तसंच कॅलेंडर आणि संपर्कांसाठी कॅलडॅव्ह व कार्डडॅव्ह ही देवाणघेवाणीची खुली पद्धत आहे का बघा. मॅक, आयफोन, थंडरबर्ड यांना ते थेट समजतं. अँड्रॉइडवर वेगळं अ‍ॅप टाकावं लागतं, एवढंच.

अबोली
मी तिन्हीकडे इन्स्टॉल होणाऱ्याबद्दल शोधाशोध केली होती, तिचं सार. डेलाइट फार देखणं आहे, पण मॅक, आयफोन, आयपॅडपुरतं. फाइलमेकरचा प्रोग्रॅम मॅक आणि विंडोजवर आहे, लिनक्सवाल्याला ब्राउझरमधून आत यावं लागतं. इलेक्ट्रॉनवर बनवलेली काही अ‍ॅप तिन्हीकडे मिळतात, पण ती आतून ब्राउझरच असतात. म्हणजे फिरून तिथेच.

मृदगंध, दुरुस्तीवाले जिथे जातात तिथे नेट असतं का? माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे.

मृदगंध
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

अबोली, नेमकं विचारलंत. बऱ्याच प्रयोगशाळा तळघरात असतात आणि तिथे फोनला रेंज नसते. आत्ता आम्ही कागदावर लिहून आणतो आणि संध्याकाळी विक्रीतल्या कुणाकडून तरी टाइप करून घेतो. निम्म्या वेळा ते राहून जातं. ऑफलाइन चालणारं वेब अ‍ॅप पुरेल का?

अबोली
पुरेल, पण नीट तपासून घ्या. ऑफलाइन वेब अ‍ॅप आपली नोंद ब्राउझरच्या साठवणीत ठेवतं आणि नेट आलं की वर पाठवतं. सफारीत २०२० पासून एक नियम आहे. सफारी वापरात असूनही सात दिवस तुम्ही त्या साइटला हात लावला नाही, तर साइटने तिथे साठवलेला मजकूर सफारी पुसून टाकतं. साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर टाकून तिथूनच उघडलं तर हा नियम लागत नाही. म्हणजे तुमच्यापैकी कुणी तळघरात नोंद केली, दुसऱ्या दिवशी रजेवर गेला आणि आठवड्याने परत आला, तर ती नोंद वर गेलेली असेलच अशी खात्री नाही. ‘सहज उघडून टाकलं’ आणि ‘होम स्क्रीनवरून उघडलं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

फोनचं स्वतंत्र अ‍ॅप असेल तर ही भानगड नाही. तरीही फोन एअरप्लेन मोडवर टाकून, नोंद करून, अ‍ॅप पूर्ण बंद करून, पुन्हा उघडून बघा.

टकटक
ही सात दिवसांची गोष्ट मला पहिल्यांदाच कळली. धागा वाचनखुणेत टाकला.

कारकून
मी गेली बरीच वर्षं लोकांची जुनी माहिती नव्या सिस्टीममध्ये चढवून देतो. वर सॉफ्टवेअर निवडण्याबद्दल चांगली चर्चा झाली आहे, पण माझ्या अनुभवात खरी माती होते ती माहिती हलवताना, आणि ऑपरेटिंग सिस्टीम तिथेही आडव्या येतात. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

अ‍ॅक्सेसमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) काढताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, मुद्दाम यूटीएफ-८ निवडा. नाही निवडलं तर इंग्रजीबाहेरच्या लिपीतली नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडतात आणि मूळ फाईल टाकून दिली असेल तर ती परत येत नाहीत. यूटीएफ-८ काढली तरी विंडोजवर ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. सुरुवातीला बीओएमची (यूटीएफ ओळखू येण्याची) खूण नसेल तर एक्सेल ती जुन्या कोडपेजने वाचतं आणि अक्षरांचं कडबोळं दिसतं. लोक घाबरून तीच फाईल सेव्ह करतात, आणि मग ते कडबोळं कायमचं होतं. लिब्रेऑफिस उघडतानाच एन्कोडिंग आणि विभाजक विचारतं, म्हणून हे काम तुमच्या उबुंटूवाल्यांकडे द्या.

फोन नंबर. एक्सेलला तो आकडा वाटतो. सुरुवातीचा शून्य जातो, अधिकचं चिन्ह जातं, बारा किंवा जास्त आकडे झाले की ‘ई+’ असलं काहीतरी दिसू लागतं. उघडायच्या आधी तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवायचा.

तारखा. ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे यंत्राच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं, आणि तुमच्या नऊ यंत्रांवर ते एकसारखं असेल याची मला खात्री वाटत नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच काढा. मॅकवाल्यांकडे जुन्या एक्सेल फायली असतील तर आणखी एक खोच आहे. मॅकवरचं जुनं एक्सेल दिवस १९०४ पासून मोजायचं, विंडोजवरचं १९०० पासून. एका फायलीतल्या तारखा दुसरीत चिकटवल्या की १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाचा फरक पडतो. एका ठिकाणी मी सगळ्या वॉरंट्या चार वर्षांपूर्वी संपलेल्या पाहिल्यात. दिवस-महिना जवळपास बरोबर असल्याने कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आणि अ‍ॅक्सेसमधले लांबलचक शेरे. क्वेरीत गटवारी लावून काढलेत तर ते २५५ अक्षरांवर तुटतात. तक्ता सरळ काढा. शिवाय अ‍ॅक्सेसच्या अटॅचमेंट रकान्यातल्या फायली सीएसव्हीत येत नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

काही करायच्या आधी वीस ग्राहक निवडा, तेही मुद्दाम विचित्र: ज्याचे तीन पत्ते आहेत, ज्याचं नाव दोनदा आलंय, ज्याच्या शेऱ्यात ओळी मोडल्या आहेत. तेवढेच चढवा. मग तेच वीस नव्या सीआरएममधून परत बाहेर काढा आणि मूळ फायलीशी ताडून बघा. परत काढताना शेरे आणि जोडलेल्या फायली आल्या नाहीत, तर ते सॉफ्टवेअर तिन्ही सिस्टीमवर कितीही छान चालत असो, मी ते घेणार नाही. माहिती आत घ्यायला सगळेच तयार असतात.

निळाई
कारकून, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका, खरंच. १९०४ वाचून आमच्या दोन फायली तपासायला घेतल्या आहेत.

खटपट्या
जरा अवांतर. सगळं तंत्र जमलं तरी विक्रीतले लोक नोंद करतील का? आमच्याकडे नवीन नोंदीला सतरा रकाने होते, म्हणून कुणी करेना. पाचवर आणले तेव्हा गाडी रुळावर आली.

वाटाड्या
अवांतर नाहीच ते. आणि रकाने ठरवताना दुरुस्तीवाल्यांना विचारा, नोंद त्यांनाच उभ्याउभ्या करायची आहे.

मृदगंध
तीन आठवड्यांनी परत येतेय. तुम्ही सांगितलेलं सगळं करून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

चार सीआरएम निवडली, दोन त्यांच्या सर्व्हरवरची आणि दोन स्वतः बसवायची. प्रत्येकाची चाचणी कंपनीतल्या तीन सगळ्यांत जुन्या यंत्रांवर घेतली: एक विंडोज, एक मॅक, एक उबुंटू, शिवाय दोन फोन. कारकुनांचे विचित्र वीस ग्राहक चढवले. मग एकच काम तिन्ही यंत्रांवर केलं: ग्राहक शोधायचा, भेट नोंदवायची, फोटो जोडायचा, पुढची तारीख द्यायची.

पहिलं चकमक यांच्या यादीच्या प्रश्नावरच गळालं. दोनदा लिहून विचारलं, दोन्ही वेळा माहितीपत्रक आलं. दुसरं सगळीकडे सुरेख चाललं, पण निर्यातीत शेरे आलेच नाहीत. ते सोडताना जीवावर आलं, कारण मॅकवाल्या दोघांना तेच सर्वांत आवडलं होतं. उरलेल्या दोनपैकी एकाचं अ‍ॅप एअरप्लेन मोडमध्ये बंद करून उघडल्यावर नोंद हरवलेली होती. चौथं टिकलं. ते मुक्तस्रोतातलं आहे, सर्व्हर आमचा. सांजवेळ, सांभाळायला विक्रीतली एक जण पुढे आली आहे. तिने काल माझ्या मदतीशिवाय बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवला आणि फायलींसकट उघडून दाखवला.

ईमेलसाठी बीसीसीचा पत्ता ठेवला. रकाने सहा. एक कमी करायला कुणी तयार होईना.

एकच गोष्ट अडली आहे. उबुंटूवरून जोडलेले आमचे काही फोटो विंडोजवर उतरवले की नाव तरी बदलतं, नाहीतर उतरतच नाहीत. मॅकवर ठीक आहे. सगळेच नाहीत, काहीच.

पेंग्विनप्रेमी
बॅकअपचं वाचून फार बरं वाटलं.

फोटोंच्या नावात वेळ आहे का? दहा, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग तीस? लिनक्सवर ते चालतं. विंडोजवर फायलीच्या नावात ते चिन्ह चालत नाही. प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह हेही नाही.

कारकून
बहुतेक तेच असणार. आणि नावं बदलणारच आहात तर सगळी इंग्रजी लहान अक्षरांत करा. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतलं एकच नाव म्हणजे दोन वेगळ्या फायली वाटतात. विंडोज आणि मॅकवर एरवी ती एकच धरली जाते, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये उतरवताना एक फोटो दुसऱ्यावर बसू शकतो.

मृदगंध
तेच निघालं. फोटो काढणाऱ्या आमच्याच स्क्रिप्टमध्ये वेळ तशी लिहिली जात होती. दोन टिंबांच्या जागी आडवी रेघ टाकली, नावं लहान अक्षरांत केली. जुने फोटोही बदलून झाले, तिन्हीकडे उघडतायत.

सोमवारी अ‍ॅक्सेसची फाईल फक्त वाचण्यापुरती ठेवतोय. तारखांचा घोळ झालेल्या त्या ग्राहकाची पुढची भेट मंगळवारी आहे, मीच जाणार आहे.